एक किलोमीटरच्या आत

हेब्बाळ, बेंगळुरू
रविवार

प्रिय प्राणेश,

माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस, हे मला कळलं आहे. आधी वाटलं, शेतावर रेंज नसेल. मग संध्याला फोन केला, तर तिच्या मागे तू कुणाला तरी मोटर बंद कर म्हणून ओरडत होतास. म्हणजे रेंजही होती आणि तूही होतास. म्हणून हे कागदावर लिहिते आहे. कागद या खोलीबाहेर जाऊ शकत नाही, आम्ही हाताळलेलं सगळं शेवटी इथेच जाळतात, तेव्हा पानांचे फोटो काढून संध्याच्या, तुझ्या बायकोच्याच फोनवर पाठवीन. टाइप केलेला मेसेज तू न वाचता पुसला असतास. पण माझं अक्षर तुला टाळता येत नाही. शाळेत तुझे निम्मे निबंध याच अक्षरातून तू उतरवून घेतलेस, त्याची थोडी तरी लाज असेल असं धरून चालते.

माझी तब्येत ठीक आहे. कलिंग करून आलेल्या सगळ्यांना गेले आठ दिवस या ट्रेनिंग हॉस्टेलात एकेका खोलीत डांबलं आहे. कलिंग हा शब्द तुला आता ऐकवतही नसेल, पण रोग पसरू नये म्हणून कोंबड्या मारून पुरायच्या, याला आमच्याकडे दुसरा शब्द नाही. दाराशी एक स्टूल आहे. त्यावर डबा ठेवतात, दार वाजवतात आणि पळतात. सकाळ-संध्याकाळ ताप बघतात, गोळ्या देतात. रोज उपमा. शेजारच्या खोलीत शार्दूल आहे, आमचे नकाशे करणारा, पुण्याहून आलेला. तो गॅलरीतून ओरडतो, "मॅम, हा उपमा पण रोग म्हणून नोटिफाय करायला पाहिजे." माझ्या दाराला कुलूप नाही. पण मी बाहेर पडणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण बाहेर पडू नये हे सरकारी आराखड्याच्या ज्या प्रकरणात लिहिलं आहे, ते प्रकरण मीच लिहिलेलं आहे.

माझं काम नेमकं काय, हे तुला कधी धड सांगता आलं नाही. तू तुझ्या व्हाइटफील्डच्या मित्रांना सांगायचास, "आमची अक्का संकटं लिहिते." तसं बघितलं तर खरंच आहे. पाऊस दोन आठवडे लांबला तर काय पेरायचं, पूर आला तर चारा कुठून आणायचा, टोळधाड आली तर फवारणी कुणी करायची, गुरांना रोग लागला तर बाजार कधी बंद करायचे, असं सगळ्या देशासाठी आधीच ठरवून ठेवायचं. संकट येईल तेव्हा माणसं घाबरलेली असतात, त्यांना विचार करावा लागू नये, नुसतं पान उघडून करायला लागावं, हा त्यातला हेतू. माझ्या वाट्याला कोंबड्या आल्या. बर्ड फ्लू निघाला की त्या शेडभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढायचं. वर्तुळातला एकही पक्षी ठेवायचा नाही, आजारी असो की ठणठणीत. आतलं बाहेर न्यायचं नाही, बाहेरचं आत आणायचं नाही. आणि घोषणा होईपर्यंत पथकातल्या कुणीही, अगदी घरच्या माणसालाही, सुगावा लागू द्यायचा नाही. हे शेवटचं वाक्य नको म्हणणारे दिल्लीच्या बैठकीत बरेच होते. एक वयस्क अधिकारी म्हणाले, "हे अमानुष आहे, बाई." मी टेबलावर हात आपटून ते ठेवायला लावलं. कारण एका ठिकाणी बातमी आधी फुटली होती आणि लोकांनी स्कूटरवर, पिशव्यांत, दुधाच्या कॅनमध्ये कोंबड्या सोयऱ्यांकडे पोचवल्या होत्या. रोग त्यांच्याबरोबर गेला. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तुला आपली रंगीत तालीम आठवते? गेल्या वर्षी आमच्या केंद्राला सरावासाठी शेत हवं होतं आणि मी तुझं सुचवलं. संध्याने सगळ्यांना मजिगे, गार ताक दिलं, आणि सहकार्य न करणाऱ्या शेतकऱ्याची भूमिका करायला कुणी तयार नव्हतं, ती तू केलीस. काय केलीस रे! गेटवर आडवा पडलास, कन्नडातून शिव्या घातल्यास, तमिळनाडूचा एक प्रशिक्षणार्थी खरोखर रडायला आला. पटकथा माझी होती. त्यात शेतकरी पथक यायच्या आधी पिल्लांची एक पेटी नातेवाइकांच्या घरी पाठवतो आणि पथकाने ती शोधून काढायची असते. तू पेटी संध्याच्या गाडीच्या डिकीत ठेवलीस आणि वर धुतलेल्या साड्या पसरल्यास. कुणालाच सापडली नाही. परतताना मी सगळ्यांसमोर म्हणाले, बघा, शेतकरी असा विचार करतो. मला तुझा अभिमान वाटला होता. आता ते आठवायलाही नको वाटतं.

मल्लाप्पाच्या ब्रॉयलर शेडमधले नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, हे तुला शेजारी म्हणून माहीत होतंच. अहवाल आला तेव्हा दुपार होती. शार्दूलने वर्तुळ काढलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. तुझं शेत काठावर वगैरे नव्हतं, चांगलं आत होतं. घोषणा दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायची होती. मी पथकात माझं नाव घातलं, कारण परक्या माणसांनी तुझ्या कोंबड्या तंगड्यांना धरून फेकाव्यात हे मला सोसलं नसतं. आणि तू तिथे उभा राहून ते बघावंस, हेही. म्हणून संध्याकाळी चामराजपेटला आपल्या घरी फोन केला आणि अम्माला म्हटलं, उद्या सकाळी प्राणेशला नाश्त्याला बोलव, तांदळाची उकड कर, गप्पांत गुंतव, दुपारपर्यंत सोडू नकोस. का ते सांगितलं नाही. अम्माने विचारलंही नाही, "सरी, सरी," बरं बरं, एवढंच म्हणाली. मला वाटलं, नियमही पाळला आणि भावालाही जपलं. स्वतःवर खूश होऊन मी झोपले.

तू काही दूधखुळा नाहीस. इतक्या वर्षांत शनिवारी सकाळी अम्माने तुला कधी उकडीला बोलावलं होतं? शेजारी मल्लाप्पाच्या कोंबड्या मरताहेत, बहीण त्याच खात्यात, आणि आई अचानक दुपारपर्यंत थांब म्हणते. दोन आणि दोन चार करायला तुला किती वेळ लागला असेल? आम्ही पोचलो तेव्हा तू नाश्त्याला गेलेला नव्हतास. गेटवर उभा होतास. आडवा पडला नाहीस, शिवी घातली नाहीस. गेट स्वतः उघडलंस. मी त्या पांढऱ्या पोशाखात होते, चष्म्यावर वाफ जमलेली, तरी तू मला चालण्यावरून ओळखलंस हे मला दिसलं. आणि सगळ्यांसमोर तू मला मॅडम म्हणालास. आत पहिली कोंबडी धरली, तुझी ती तांबडी, मानेवर काळं असलेली, तेव्हा तिने पंख फडफडवले आणि तू मागून हळूच म्हणालास, "स्वल्प निधान, मॅडम." जरा हळू. एवढंच. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

लोकांना वाटतं, कोंबड्याच त्या, दुसऱ्या आणता येतील. भरपाई मिळेल, शेड रिकामी ठेवायचा काळ सरला की नवी पिल्लं घ्या. आराखड्यातही तसंच लिहिलं आहे, मीच लिहिलं आहे. तुझ्या नाटी, म्हणजे गावरान कोंबड्या कुठल्या हॅचरीत मिळत नाहीत, हे लिहायला त्यात जागा नाही. नोकरी सोडून तू त्या माळावर गेलास तेव्हा अण्णा हयात होते, ते म्हणाले होते, काँप्युटरवाल्याला कोंबड्या काय कळणार. वर्षानुवर्षं तू निवडत गेलास. कुठली खुडूक नीट बसते, कुठली ससाण्याला बघून पिल्लांना पंखाखाली घेते, कुठली उन्हाळ्यात टिकते. यशवंतपूरच्या बाजारातला मका आवडत नाही म्हणून नाचणी घालायचास, सगळे हसायचे. मी पण हसायचे. आठ वर्षांत पाखरागणिक तू जे जमवलंस, ते आम्ही जेवायच्या वेळेआधी संपवलं. तू निर्दोष होतास आणि तुझ्या कोंबड्याही, निदान त्या दिवशी तरी एकही आजारी दिसत नव्हती. मी हे सरकारी माणूस म्हणून कुठे लिहू शकत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. मला फार वाईट वाटलं, प्राणेश. अजून वाटतं.

आणि तुझ्याकडे आता काय आहे? रिकामी शेड, चुन्याचा वास, गेटवर लाल फलक. पक्षी आणता येत नाहीत, अंडं विकता येत नाही, मल्लाप्पा बोलत नाही कारण त्याला वाटतं तूच मला कळवलंस, आणि तू माझ्याशी बोलत नाहीस. संध्या म्हणाली, तू दिवसभर नुसता शेडमध्ये बसतोस. मी इथे, तू तिथे. दोघांनाही दार उघडं आहे आणि दोघांनाही जायला जागा नाही.

मध्येच उठावं लागतं, शार्दूल गॅलरीतून काही ना काही सांगत असतो. तेवढं ऐकून पुन्हा बसते. अक्षर त्यामुळे हललं असेल तर समजून घे.

त्या दिवशी एक गोष्ट मी पाहिली होती, ती आता सांगते. मागच्या खोलीत, जिथे तू पिल्लं ठेवतोस, तिथला बल्ब चालू होता. खाली तूस पसरलेलं, पाण्याचं भांडं भरलेलं, आणि आत एकही पिल्लू नाही. मी तुझ्याकडे पाहिलं. तू बल्ब बंद केलास. मी मनाशी म्हटलं, आठवड्यापूर्वी विकली असतील, बल्ब तसाच राहिला असेल. असं म्हणणं मला फार सोयीचं होतं. त्यानंतर रोज सकाळी अम्माशी बोलते तेव्हा मागे चिवचिव ऐकू यायची. मला चिमण्या वाटल्या. चामराजपेटच्या आपल्या गल्लीत चिमण्या उरल्याला किती काळ झाला, हे मला सुचलंच नाही.

आज सकाळी कस्तुरीने अम्माच्या हातून फोन ओढून घेतला आणि व्हिडिओ लावला. तुझी लेक शाळेसाठी तिथे राहते म्हणजे अम्माच्या जिवाला विरंगुळा आहे, पण फोन मात्र तिच्या तावडीत असतो. "आत्या, तुला सिक्रेट दाखवू?" म्हणाली. अम्माच्या कॉटखालून तिने पुठ्ठ्याची पेटी ओढली. आत तुझी पिल्लं. अण्णांचं जुनं धोतर अंथरलेलं, कोपऱ्यात टेबललॅम्प. तिने प्रत्येकाचं नाव सांगितलं. अम्मा मागून म्हणत होती, "तू उकडीचा फोन केलास त्याच रात्री प्राणेशनं आणून दिली की गं, पोरीच्या वाढदिवसाला म्हणाला, स्वल्प दिवस ठेव, मग नेतो." तिला काही म्हणजे काही माहीत नाही. मग कस्तुरीने एक पिल्लू हातात घेतलं. म्हणाली, हे खूप झोपाळू आहे, काल जेवलं पण नाही, म्हणून मी याला माझ्या उशाशी घेऊन झोपते. पिल्लाने मान वर केली आणि पुन्हा टाकली. तिने त्याच्या डोक्याचा पापा घेतला.

मी तिला सांगितलं, हात साबणाने धू आणि पेटी पुन्हा कॉटखाली ठेव, त्यांना झोपू दे. माझा आवाज कसा होता कोण जाणे, ती म्हणाली, आत्या, तू रागावलीस का? मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला.

तू का केलंस ते मला कळतं. ती पिल्लं म्हणजे तुझ्या सगळ्या निवडीचं जे काही उरलं आहे ते. तुझ्या जागी मी असते तर मीही पेटी उचलली असती. पण प्राणेश, तुझी आणि मल्लाप्पाची खाद्याची गाडी एकच. त्याचा माणूस तुझ्याकडे औषध मारायला यायचा. ते पिल्लू कदाचित नुसतं गारठलं असेल, पिल्लं सुस्तावतातच, तुला माझ्याहून जास्त माहीत. कदाचित काहीच नसेल. आणि कदाचित असेल, आणि ते तुझ्या मुलीच्या उशाशी आहे.

हे मला एकटीलाच माहीत होतं. अम्माला सांगावं, गुपचूप पेटी बाहेर ठेव? बाहेर म्हणजे गल्लीत, मांजरांत, कचरावाल्याच्या हातात. तुला सांगावं, घेऊन जा? तू ती आणखी कुणाकडे तरी नेली असतीस, आणि तुझी पेटी कशी सापडत नाही ते मी पाहिलं आहे. एक दिवस वाट बघावी? कस्तुरीच्या बाबतीत एक दिवस मी कुठल्या तोंडाने बघू? आणि सांगावं, तर काय होईल तेही मला पाठ आहे. आपल्या घराभोवती वर्तुळ पडेल. त्यात अख्खं चामराजपेट येतं, मार्केटकडची कोंबडीची दुकानं येतात, कोपऱ्यावरचा अंडीवाला येतो, जो अम्माला अजून उधारीवर देतो. आपलं घराणं त्या गल्लीत पिढ्यानपिढ्या राहतं म्हणून अम्मा मिरवते. उद्यापासून रोग आणणारं घर म्हणून तिथे ओळखलं जाईल. तुझ्यावर गुन्हा दाखल होईल. तुझी भरपाई अडकेल. आणि तू मला मॅडम तरी म्हणशील की नाही, देव जाणे.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. लिहायला बसले त्याआधीच मी शार्दूलला सगळं सांगितलं होतं. घराचा पत्ता, तुझं नाव, पेटी, ते पिल्लू, कस्तुरी. त्याने दोनदा विचारलं, "मॅम, शुअर?" आणि पथक पाठवलं, सोबत डॉक्टर. मघापासून तो गॅलरीतून सांगत होता ते हेच, की गाडी मेख्री सर्कलला अडकली, आता निघाली, आता मार्केटपाशी आहे. ते पोचेपर्यंत तुला कळवायचं नव्हतं, आणि मी मला ओळखते. हात मोकळा राहिला असता तर संध्याला फोन लावला असता, नुसतं तुझा आवाज ऐकायला म्हणून, आणि मागच्यासारखंच तुला सगळं कळलं असतं. म्हणून हातात पेन धरलं आणि ते खाली ठेवलं नाही. आत्ता शार्दूलने सांगितलं, ते दारात उभे आहेत आणि अम्मा त्यांना चपला बाहेर काढायला सांगते आहे. फोटो काढते आणि पाठवते. वाचून झालं की शेतावरचे कपडे बदल, मास्क लाव आणि लगेच निघ. मला काय म्हणायचं ते नंतर म्हण. कस्तुरीच्या नाका-घशातून नमुना घेतील, पेटी तिच्यासमोरून नेतील, ती रडेल, आणि तिला धरून बसायला मी येऊ शकत नाही.

तुझीच,
अक्का